पोलंडच्या छात्रशिक्षकांसोबत ऑनलाइन देवाणघेवाण : नाशिकच्या बी.एड. वर्गाच्या प्रकल्प नोंदी

मी नाशिकमधल्या एका बी.एड. कॉलेजात शिकवते. दुसऱ्या वर्षाचे 14 छात्राध्यापक आणि पोलंडमधल्या एका विद्यापीठातले 12 भावी शिक्षक यांच्यात आम्ही ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 या काळात ऑनलाइन भेटी घडवल्या. दुसऱ्या कॉलेजात कोणी हे करायला घेतलं तर आमच्या चुका तरी त्यांना पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून या नोंदी जशाच्या तशा ठेवते.

18 सप्टेंबर 2024, बुधवार

काल अनंत चतुर्दशी झाली, आज वर्गात निम्मेच हजर. तरी बैठक घेतली. पहिल्या वर्षाचे प्रवेश अजून पूर्ण झालेले नाहीत, त्यामुळे दुसरं वर्षच घ्यायचं ठरलं. 14 नावं आली: नाशिक शहर आणि नाशिकरोडचे सहा, बाकी सटाणा, निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा. पोलंडच्या प्राध्यापकबाईंशी माझी ओळख एका ऑनलाइन कार्यशाळेतली. त्यांचं सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे त्याआधी तिकडून काही होणार नाही.

वेळ ठरली बुधवारी आपले दुपारचे साडेचार, त्यांचा एक. फरक साडेतीन तासांचा, असं मी फळ्यावर लिहून ठेवलं. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे महागात पडलं.)

3 ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

तयारी म्हणून प्रत्येकाला ‘आपली संस्कृती’ या विषयावर पाच स्लाइडचं सादरीकरण करायला सांगितलं. ही माझी पहिली चूक. तेव्हा ती चूक वाटली नाही, उलट मुलं उत्साहात होती.

वळिवड्याची गोष्ट मात्र सांगितली ते बरं झालं. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित 1943 ते 1948 या काळात राहिले होते, त्यांच्या मुलांच्या शाळा तिथे भरत होत्या. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे. 14 पैकी एकालाच हे माहीत होतं, आणि तेही ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा बातमीत पाहिलं म्हणून.

9 ऑक्टोबर, बुधवार: पहिली भेट

फसली.

पहिलं कारण आवाज. 14 जण एकाच खोलीत, आणि निम्म्यांनी उत्साहाने आपापल्या मोबाइलवरूनही लिंक उघडलेली. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून अशी शिट्टी सुटली की पोलंडच्या एका मुलीने कानावर हात ठेवला. दहा मिनिटं त्यातच गेली.

दुसरं कारण माझं. स्लाइड. रामकुंड, सिंहस्थ, सप्तशृंगी, येवल्याची पैठणी, मिसळ. पुढचा आला, पुन्हा रामकुंड, सिंहस्थ, मिसळ. पाचव्या सादरीकरणापर्यंत तिकडच्या चार जणांचे कॅमेरे बंद झाले होते. त्यांच्याकडून आल्या त्याही स्लाइडच: पदार्थ, किल्ले, लोकनृत्य. मग 40 मिनिटांनी झूमच्या फुकट खात्याची मर्यादा संपली आणि सगळे एकदम गायब. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

रात्री पोलंडच्या बाईंनी मोकळेपणाने लिहिलं की आपण दोघींनी पर्यटन खात्याचं काम केलं.

10 ऑक्टोबर

दुरुस्त्या:

आवाजासाठी एक टेबलावर ठेवायचा माइक-स्पीकर घेतला, 3,400 रुपये. खोलीतून एकच लॅपटॉप जोडायचा, मोबाइल सगळे बंद. जोड्यांनी बोलायचं असेल तेव्हा इअरफोन लावून व्हरांड्यात, जिन्यात, ग्रंथालयात पांगायचं. लिंक यापुढे पोलंडकडून येईल, त्यांच्या विद्यापीठाकडे विकतचं खातं आहे.

आणि स्लाइड बंद. त्याऐवजी प्रत्येकाने शाळेतली एकच साधी गोष्ट आणायची: हजेरी कशी घेतात, मूल बाईंना काय म्हणतं, उशीर झाला तर काय होतं, डबा कुठे बसून खातात. सण, नृत्य, वेशभूषा काही नको.

16 ऑक्टोबर: दुसरी भेट

फारच वेगळी. सुरुवात हसण्याने झाली. मूल बाईंना काय म्हणतं, या प्रश्नावर पोलंडची मुलगी म्हणाली, ‘प्रोशे पानी.’ निफाडचा आमचा मुलगा पटकन म्हणाला, ‘पाणी मागतंय का?’ तिकडे ‘पानी’ म्हणजे बाई. त्या दिवसापासून मला कॉलेजात ‘पानी मॅडम’ म्हणतात, आणि मी ते थांबवू शकलेले नाही.

‘नो’ने मात्र घोळ केला. बोलता बोलता पोलिश माणूस ‘नो, नो’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हो ना, हो ना’ असा असतो. आमची सटाण्याची मुलगी आधीच इंग्रजीला घाबरलेली. प्रत्येक वाक्याला समोरून ‘नो’ येतंय म्हटल्यावर ती गप्पच झाली, माझंच काही चुकतंय म्हणून. आणि आपण मान हलवतो ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिकडच्यांना कळेना. पंधरा मिनिटं दोन्ही बाजू एकमेकांना नकार देत असल्यासारख्या बसल्या होत्या. भेटीआधी दहा-वीस शब्दांची यादी अदलाबदल केली असती तर हे टळलं असतं. पुढच्या भेटीपासून तशी यादी केली.

भाषांतराच्या अॅपवर भिस्त ठेवू नका. ‘मी डबा खाल्ला’ याचं त्याने आगगाडीचा डबा खाल्ला असं केलं.

आता जे हसण्यावारी नेता येत नाही ते. शेवटच्या दहा मिनिटांत तिकडच्या एका मुलाने विचारलं, ‘तुमच्यापैकी कोण कोणत्या जातीचं आहे? वर्गात सगळे एकत्र बसता का?’ त्याच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता. भारतावरच्या एका तासाला त्याने जातींच्या उतरंडीचं चित्र पाहिलं होतं, त्यातून आलेला प्रश्न. आमच्या खोलीत एकदम शांतता. मी हसून म्हटलं, ‘आता आपण मधल्या सुट्टीबद्दल बोलू.’

17 ऑक्टोबर

सकाळी दिंडोरीची मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. ‘मॅडम, त्याने विचारलं त्याचं मला काही वाटलं नाही. तुम्ही विषय बदलला ना, ते लागलं.’

मी अकरा वर्षं शिकवतेय. ‘समावेशक शिक्षण’ हा पेपरही मीच शिकवते.

पाठांचा तास रद्द करून सगळे बसलो. दीड तास बोललो, त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही. ठरलं ते एवढं: कोणताही प्रश्न विचारता येईल. उत्तराला तीन वाटा: आत्ता सांगते, लिहून सांगते, सांगायचं नाही. तिसऱ्या वाटेला कारण द्यावं लागणार नाही. आणि दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी मध्ये पडायचं नाही. पोलंडच्या बाईंना हे कळवलं, त्यांनी तिकडे वाचून दाखवलं.

दिंडोरीच्या मुलीने दुसरी वाट घेतली. तिने जातीची उतरंड समजावली नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे दिवस आले की वर्गात उभं राहून कोणाकोणाची नावं मोठ्याने वाचतात, ‘उद्या दाखला आणा’ असं सांगतात, आणि बाकीची मुलं तेवढ्यात काय शिकतात, ते तिने दोन पानांत लिहिलं. तिकडून उत्तर आलं ते त्याच मुलाचं. त्यांच्या सरकारी शाळांत धर्माचा तास ऐच्छिक असतो. जे मूल त्याला बसत नाही ते बहुतेक वेळा ग्रंथालयात जाऊन थांबतं. तो स्वतः तसं थांबायचा. ‘नाव वाचत नाहीत, पण दार उघडून बाहेर जाताना सगळे बघतात,’ असं त्याने लिहिलं.

23 ऑक्टोबर: तिसरी भेट

या खेपेला आमच्याकडून जखम झाली. पोलंडमध्ये 2022 पासून युक्रेनमधून आलेली खूप मुलं शाळांत आहेत. या सप्टेंबरपासून तर तिथल्या युक्रेनी मुलांना पोलिश शाळेत येणं बंधनकारक झालंय. नाशिकरोडच्या मुलाने सरळ विचारलं, ‘ती परत कधी जाणार?’ तिकडच्या बारा जणांत एक मुलगी स्वतः युक्रेनची आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं. तिने कॅमेरा बंद केला. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करून म्हणाली, ‘सांगायचं नाही.’ तिसरी वाट आठवड्यापूर्वी ठरवलेली होती म्हणून निभावलं.

एकमेकांची ओळख करून देणारं साधं पानभर टिपण आधीच मागवायला हवं होतं. ज्याला जेवढं सांगायचं तेवढंच, पण मागवायला हवं होतं.

28 ऑक्टोबर, वसुबारस (सुट्टी)

सुरगाण्याच्या मुलीने गावाहून दीड मिनिटाची आवाजी चिठ्ठी पाठवली. आपण शहरात वसुबारस म्हणतो, त्या दिवशी त्यांच्याकडे वाघबारस. वाघदेवाची पूजा, गुराख्यांचा मान. तिने ती कोकणा बोलीत (सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आदिवासींची बोली) पाठवली, शेवटी दोन वाक्यं मराठीत.

गटावर आधी आले ते प्रश्न पोलंडचे नव्हते, आमच्याच नाशिकच्या मुलांचे. ‘हे कोकणी आहे का, गोव्याचं?’ ‘अजून वाघ आहेत का तिकडे?’ ‘पुन्हा हळू बोलशील का?’ दीड वर्ष एका बाकावर बसलेली मुलं. तिने सगळ्यांना मिळून एकच उत्तर पाठवलं: ‘बिबट्या आहे. तो तुमच्या नाशिकमध्येही येतो.’

2 नोव्हेंबर, पाडवा

काल लक्ष्मीपूजन. योगायोग असा की 1 नोव्हेंबरला पोलंडमध्ये सर्वसंतांचा दिवस असतो. घरची सगळी माणसं कबरस्तानात जातात, काचेच्या दिव्यांनी अख्खं कबरस्तान उजळून निघतं. तिकडून एकीने फोटो पाठवला, अंधारात शेकडो लाल-पिवळे दिवे. आमच्या दोघांनी त्यावर ‘पोलंडची दिवाळी’ लिहिलं, आपल्या पणत्यांचे फोटो जोडले, फटाक्यांचं गाणं लावलं आणि चित्रफीत करून गटावर टाकली. तिच्या आजीला जाऊन दुसरं वर्ष होतं.

माफी मागून झाली. मग निफाडच्या मुलाने तिला कळवलं की आमच्याकडे हे काम सर्वपित्री अमावस्येला असतं, आमची पितरं यंदा 2 ऑक्टोबरलाच जेवून गेली. कावळ्याला घास कसा ठेवतात ते तिने त्याच्याकडून सविस्तर विचारून घेतलं, मग कावळा आलाच नाही तर काय करता, असंही. तो म्हणाला, आमच्याकडे दर वर्षी हाच प्रश्न असतो.

दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या की मुलं लगेच ‘आपल्यासारखंच!’ म्हणतात. स्लाइडपेक्षाही मला आता या वाक्याची भीती वाटते. पुढच्या वेळी असा फोटो आला की आधी विचारायचं, मग चिकटवायचं.

6 नोव्हेंबर

आणखी एक, लाजिरवाणं. शाळेतल्या पोषण आहाराचे फोटो आमच्या मुलांनी सराव शाळेत काढून पाठवले, 31 फोटो, मुलांचे चेहरे स्वच्छ दिसणारे. पोलंडच्या बाईंचा तातडीचा निरोप: त्यांच्या कायद्यानुसार पालकांच्या संमतीशिवाय हे त्या ठेवूच शकत नाहीत. मी मनात आधी म्हटलं, काय हे नखरे. मग माझ्या मुलाचा फोटो मला न विचारता असा परदेशात गेला असता तर, असा विचार आला. दोन संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलमधून, गटातून, ड्राइव्हवरून फोटो पुसण्यात गेल्या. मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन सांगितलं. आता फक्त ताट, हात, फळा, दप्तर.

13 नोव्हेंबर, बुधवार: चौथी भेट (म्हणायची)

साडेचारला लिंक उघडली. कोणी नाही. पावणेपाच. कोणी नाही. सव्वापाचला पेठ-सुरगाण्याकडची एसटी असते, ती चुकली की गाव गाठता येत नाही, म्हणून काही जण निघाले. मग दिंडोरीची, सटाण्याचे, एकेक करत पाच वाजून दहा मिनिटांनी खोलीत आम्ही सहा उरलो. साडेपाचला पडद्यावर बारा हसरे चेहरे, अगदी वेळेवर.

युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात. यंदा तो 27 ऑक्टोबर होता. त्यांचा एक आता आपल्या साडेपाचला वाजतो. फळ्यावरचा माझा ‘साडेतीन तास’ तसाच होता. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढे जातात, तेव्हा पुन्हा हेच होईल. कॅलेंडरवर दोन्ही तारखा आजच लिहा.

नवी वेळ आपले पावणेपाच, त्यांचे सव्वाबारा. तरी एसटीवाल्यांना अर्धाच तास मिळतो. म्हणून मोठा निर्णय घेतला: समोरासमोरच्या भेटी पंधरवड्यातून एकदाच. बाकीचं काम आवाजी चिठ्ठ्या आणि लेखनातून, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा. हे नाइलाजाने केलं, पण सगळ्यात जास्त काम यातूनच झालं. सटाण्याची मुलगी भेटीत चार वाक्यं बोलायची. चिठ्ठ्यांत ती सहा-सहा मिनिटं बोलते, आधी मराठीत, मग थांबत थांबत इंग्रजीत.

19 आणि 20 नोव्हेंबरला कॉलेज मतदान केंद्र. दोन्ही दिवस गेले.

27 नोव्हेंबर: पाचवी भेट

इथून खरा प्रकल्प. विषय मुलांनीच काढला: वर्षाच्या मध्येच वर्गात आलेलं, वर्गाची भाषा न येणारं मूल. त्याचा पहिला आठवडा कसा असावा?

तिकडे ते मूल युक्रेनहून येतं. भाषा पोलिशच्या जवळची, लिपी वेगळी, आणि घर कुठे आहे हे विचारायची सोय नाही. आपल्याकडे ते पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत आईबाप निफाड-दिंडोरीच्या बागांवर असतात, मूल मळ्यातल्या झोपडीतून जवळच्या शाळेत जातं किंवा जातच नाही. निफाडच्या आमच्या मुलाच्या घरची बाग आहे. सुरगाण्याच्या मुलीचे काका तशाच एका बागेवर कामाला जातात. हे दोघांना याच भेटीत कळलं. पोलंडची मंडळी नकाशा मागत होती, आणि इकडे हे दोघं एकमेकांकडे न बघता बोलत होते. मी या वेळी विषय बदलला नाही.

कायद्याचं मुलांनीच शोधलं: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड असतं. कार्ड प्रत्यक्ष पाहिलेला आमच्यात एकही नव्हता.

11 डिसेंबर: सहावी भेट

सात गटांचे सात आराखडे. पाच निकामी. का ते लिहिते, कारण हे सगळीकडे होतं: आराखडा मुलासाठी नसून निरीक्षकासाठी लिहिलेला. ‘स्वागत गीत’, ‘मनोरंजनातून भाषा’, टाचणातले नेहमीचे रकाने. पोलंडच्या एका मुलीने एकच प्रश्न विचारून दोन आराखडे मोडीत काढले: ‘या मुलाला स्वच्छतागृहाला जायचं असेल तर पहिल्या दिवशी ते कसं सांगेल?’ त्यांच्याकडे त्यासाठी चित्रांची छोटी पट्टी बाकावर चिकटवतात. आमच्याकडे मोठी मुलगी सोबत देतात. दोन्ही घेतलं. त्यांनी आमच्याकडून घेतलं ते रोज परिपाठात नव्या मुलाकडून वर्गाने एक शब्द शिकायचा, हे.

गृहपाठावर भांडण झालं, ते मजेदार होतं. तिकडे एप्रिलपासून पहिली ते तिसरीला लेखी गृहपाठ बंद आहे. आमच्या एकाने विचारलं, ‘मग पालक तुम्हाला काही बोलत नाहीत?’ तिकडून एका सुरात उत्तर आलं, ‘नो, नो.’ आता आम्हाला अर्थ माहीत होता.

18 डिसेंबर: शेवटची भेट

नाताळच्या आधीच्या जेवणात तिकडे एक जागा रिकामी ठेवतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. युक्रेनच्या मुलीने सांगितलं की 2022 मध्ये त्या जागेवर ती बसली होती. या भेटीबद्दल जास्त काही लिहीत नाही.

हिशेब: माइक-स्पीकर 3,400, इअरफोन आणि जोडण्या 1,150, जादा डेटा 1,400, चहा-बिस्किटं 960. एकूण 6,910 रुपये. कॉलेजने निम्मे दिले, उरलेले माझे. तिकडे तिळगुळाचं पार्सल पाठवायचा विचार होता, टपालाचा दर ऐकून सोडून दिला. वेळ: 7 भेटींचे जेमतेम 5 तास, त्यामागे माझे साठेक तास. तेरा जण शेवटपर्यंत टिकले. एकीचं लग्न ठरलं आणि ती गेली.

22 जानेवारी 2025

उरलेल्या दोनपैकी एक आराखडा दिंडोरी तालुक्यातल्या सराव शाळेत लावून पाहिला. दुसरीच्या वर्गात डिसेंबरपासून एक मुलगा आलाय, आईबाप बागेवर. चित्रपट्टी चिकटवली, सोबती दिला. सुरगाण्याच्या मुलीने स्वतः कोकणा शब्दांची तक्ती केली, भिंतीवर लावली, परिपाठात त्याला एक शब्द शिकवायला सांगितलं.

चार दिवस मुलगा गप्प. पट्टीवरच्या चित्रावर बोट ठेवून बाहेर जाऊन येत होता, तेवढं चाललं. तक्तीकडे बघतही नव्हता. आम्हाला वाटलं लाजतोय. आज पाचव्या दिवशी त्याने सोबत्याच्या कानात सांगितलं की भिंतीवरचे शब्द त्याच्या घरचे नाहीत. त्याच्या घरी वारली बोलतात, तो हरसूलकडचा. पेठकडून गाडी आली म्हणजे कोकणाच, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारलं कोणीच नव्हतं.

तक्ती काढली. नवी तो सांगेल तशी करायची आहे. जाताना सुरगाण्याच्या मुलीने हजेरीपटामागचं रजिस्टर उघडून पाहिलं. मातृभाषेच्या रकान्यात त्याच्यापुढे लिहिलं होतं, मराठी. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्यांपुढेही तेच होतं, वरून खाली ‘कित्ता’च्या खुणा ओढून.